घाटात आडवे झालेले सार्थवाह

मंडळी, डोक्याला मार लागून माणूस भुईवर पडला, तर भरवसा कोणावर ठेवाल? सगळ्यांत जास्त धावपळ करतो त्याच्यावर? मीही बरीच वर्षे तेच समजत होतो. बाजारात मोठ्याने ओरडणाऱ्याकडेच गिऱ्हाईक वळते ना! पण हे ऐका.

शूर्पारक बंदरावर एक न्यायी राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव गोपालित. सागाच्या फळ्या बैलांवर लादून ते घाट उतरत आणि जहाज बांधणाऱ्यांना विकत. तांड्याचे सार्थवाह, म्हणजे नायक, तेच होते; त्यात पुष्यक आणि वीरक हे दोघे भाऊ बैल हाकीत.

एके सकाळी घाट उतरताना बैल बुजला आणि त्याच्या धक्क्याने वीरक कड्यावरून खालच्या खडकावर आपटला. डोके फुटले, शुद्ध हरपली.

तांड्याची एक रीत होती. घाटात आडवा पडलेला माणूस घाटदेवाचा होतो, म्हणून त्याला लगेच उभा करायचा आणि मद्याचा घोट पाजायचा. सार्थवाह मागून येईपर्यंत पुष्यकाने दोन्ही उरकले होते. वीरकाची मान लुळी पडली होती, घशात घरघर लागली होती.

"आधी खाली निजव त्याला," बोधिसत्त्व म्हणाले. "मान हलू देऊ नकोस."

"नायक, देव नेईल त्याला!"

"आडवा माणूसच हवा ना देवाला? मग मी आहे की."

असे म्हणून ते स्वतः त्या दगडांवर पालथे आडवे झाले. एक म्हातारा बैलवाला पुटपुटला, "आता देवाचीच पंचाईत झाली. नायकाला नेले तर आपल्याला मजुरी कोण देणार?" त्या भयातही दोघेचौघे हसले. पुष्यकाने भावाला अलगद खाली निजवले आणि बोधिसत्त्वांनी पडल्यापडल्याच त्याचे डोके दोन्ही तळव्यांत घट्ट धरले.

इतक्यात वीरकाला उलटी झाली. बोधिसत्त्वांनी डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तिघांच्या हातांनी त्याला कुशीवर वळवले. तोंडातले बोटाने काढले. घरघर थांबली, श्वास मोकळा झाला. जखमेवर धुतलेल्या कापडाची घडी अलगद ठेवली.

"पाणी तरी?" पुष्यकाने विचारले.

"थेंबसुद्धा नाही. बेशुद्ध माणसाला पाजलेले पाणी छातीत उतरते."

एका फळीवर त्याला तसाच कुशीवर बांधला. बाकीच्या फळ्या घाटातच राहिल्या. जहाज बांधणाऱ्यांशी त्या दिवशी ठरलेला सौदा हुकला. उतरताना डोके मागच्या बाजूला, म्हणजे वर राहील असे धरले. एकजण श्वासावर कान ठेवून चालला. एक जोरात पळणारा गडी वर्दी द्यायला पुढे गेला.

पायथ्याशी हाडे बसवणाऱ्याची झोपडी होती. पुष्यक तिकडे वळला. "जवळ आहे, नायक!"

"जवळ आहे, पण कवटीचे काम त्याला येत नाही. नगरातल्या शल्यवैद्याकडेच चल."

वैद्य वर्दी मिळाल्यामुळे तयारच होता. त्याने विचारले, "पडल्यावर काय काय केले?"

पुष्यकाने बोधिसत्त्वांकडे पाहिले. मग मान खाली घालून म्हणाला, "मी त्याला उभा केला, हलवला. मद्यही पाजले. माझ्या हातून घडले."

"बरे झाले सांगितलेस," वैद्य म्हणाला. "ही सुस्ती माराची की मद्याची, हे मला आता पारखता येईल. मानही जपतो."

महिन्याभरात वीरक पुन्हा बैल हाकू लागला. शिट्टी वाजवायचे तेवढे विसरला होता. बैलांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

ही कथा भिक्खूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा पुष्यक म्हणजे आज संघातला हा उतावळा भिक्खू, वीरक म्हणजे त्याच्या शेजारी बसून हसणारा, आणि गोपालित मीच होतो." करुणेला प्रज्ञेची जोड मिळाली की ती जीव वाचवते. तीच इथली पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वांनी पूर्णत्वाला नेलेला गुण.

तर मंडळी, एवढेच मागणे: जखमी माणसाजवळ असाल, तर तो कधी पडला, किती वेळ बेशुद्ध होता, आपण बरेवाईट काय केले, याचा हिशेब खरा ठेवा आणि वैद्याला चूकही न लपवता सांगा.