चीर गेलेला भोपळा

पोरं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची, त्या काळातली ही गोष्ट. काठावरच्या उंबराला दोन भोपळे टांगलेले असत. एक नवा, तुळतुळीत. दुसरा म्हातारा, देठापाशी केसाएवढी चीर गेलेला.

"आजोबा, तुमच्यात पाणी शिरतं," नवा म्हणायचा. "एक दिवस फेकून देतील तुम्हाला."

"रोज घोटभरच शिरू देतो," म्हातारा म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात भिवा नव्याला बांधून उतरला आणि सगुणा म्हाताऱ्याला. भिवा पहिल्या दिवसापासून पानासारखा तरंगला. सगुणा मात्र रोज कुरकुरायची, "मामा, कालच्यापेक्षा आज जास्त हात मारावे लागतात."

"मार की मग," पोहायला शिकवणारे मामा काठावरून म्हणायचे.

वैशाख सरता सरता ती पलीकडच्या पायरीला जाऊन टेकली. मामांनी तिच्या पाठीवरची दोरी सोडली, तर भोपळा हातात पेलवेना. त्यांनी तो उपडा केला. चिरेतून पाण्याची धार लागली, ती थांबेचना.

"हा तर गळ्यापर्यंत भरलाय, पोरी. हा कसला तुला तरंगवतोय?"

सगुणा त्या धारेकडे बघत राहिली. "मग मी कशावर तरंगले?"

भिवा अजून पाण्यातच होता. "बघा," नवा ऐटीत म्हणाला, "माझा पोरगा अजून तीन उन्हाळे तरी मला सोडणार नाही."

म्हाताऱ्याला मागचे सगळे उन्हाळे आठवले, एकेका पोराच्या पाठीसकट.

"माझ्याकडे दुसऱ्या उन्हाळ्याला कुणीच आलं नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या पोरासाठी उन्हात वाळत पडला.