शेवटच्या पैठणीचा रंग

गावात डिजिटल कॅमेरे नवे होते, तेव्हाची गोष्ट. भिकोबा विणकरांची शेवटची पैठणी परगावी निघाली होती. तिचा फोटो काढायला त्यांची लेक यमुना पिवळ्या दिव्याखाली बसली.

पैठणीशेजारी पडलेला पांढरा कागद कॅमेऱ्याला म्हणाला, "आधी मला बघ. या उजेडात पांढरं कसं दिसतं हे कळलं, की बाकीचे रंग बरोबर येतील."

"पांढरं मला कळतं," म्हणत कॅमेऱ्याने घाईने फोटो टिपला.

पैठणी गेली. वर्षभरात भिकोबाही गेले. यमुना फोटो घेऊन बसे.

"आबांनी निळी विणली होती ना? मग ही हिरवट का दिसते?" ती पुटपुटे. पुढेपुढे तिलाही खात्री राहिली नाही.

कॅमेऱ्याला तिला खरं सांगावंसं वाटे. पण तो निळा रंग त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता.