शेवेच्या ताटलीतून चकली

"दिवाळीच्या आत कोठारातले सगळे सोरे विकून दाखव, नाहीतर तांबट आळी मोकळी कर!" महाराज धुरंधरसेन गरजले. "आणि विकायचे ते मोबाईलवरूनच! दमडी खर्चायची नाही, माझं नाव वापरायचं नाही, सोयऱ्याधायऱ्यांची मदत घ्यायची नाही!"

हा हुकूम दरबारात उभ्या असलेल्या केवडाला होता. तिचा बाप हैबती तांबट चकल्या पाडायचे पितळी सोरे बनवी. सगळ्या आळीच्या चुली त्यावरच पेटत. पण हल्ली लोक चकल्या दुकानातून आणत, आणि सोरे कोठारात पडून होते. त्या आळीवर प्रसिद्धीप्रधान डंकेरावांचा डोळा होता. त्यांना तिथे प्रसिद्धी महाल बांधायचा होता!

डंकेरावांचं काम एकच. महाराज शिंकले की ती शिंक मोबाईलवर टाकायची, आणि पगारी माणसांकडून खाली 'वा महाराज!' लिहून घ्यायचं. निम्मा खजिना त्यातच गेला होता.

"तुझे अनुयायी किती गं?" डंकेरावांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं.

"दोन. एक मी, दुसरे बाबा. आणि बाबांना मोबाईल उघडता येत नाही."

दरबार खो खो हसला. केवडा मात्र हसली नाही.

घरी येऊन तिने एक सोऱ्या चिंचेने लख्ख घासला, त्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'शुद्ध पितळ, घट्ट दट्ट्या, पिढ्यान्पिढ्या टिकेल.' कुत्रंही फिरकलं नाही! चार दिवसांनी एकच उत्तर आलं, 'वा महाराज!' डंकेरावांचा कुणी पगारी माणूस सवयीने लिहून गेला होता.

"पोरी, सामान बांधायला घेऊ का?" हैबतीने विचारलं. जन्मभर ठोकाठोक करणाऱ्या बापाचा आवाज इतका बारीक झालेला ऐकून केवडाला रडूच आलं.

निदान चकली पाडून तरी दाखवावी, म्हणून तिने भाजणी मळली. पण डोळ्यांत पाणी, त्यात सोऱ्यात गेली शेवेची ताटली! दट्ट्या दाबला मात्र, शेजारच्या ठकूकाकू कुंपणापलीकडून ओरडल्या, "अगं ए, डोळे फुटले का तुझे? ती शेवेची ताटली! सर बाजूला!"

काकू पदर खोचून आत शिरल्या. त्यांनी सोऱ्या हिसकावला, ताटली बदलली आणि भराभर काटेदार चकल्या पाडून दाखवल्या. जाताना म्हणाल्या, "सोऱ्या बाकी झकास आहे हो. मला एक दे."

केवडा बघतच राहिली. नवे सोरे बघायला या, म्हणून तिने काकूंना कितीदा हाक मारली होती! तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. त्या राज्याची रीतच तशी होती. शिकायला कुणाला सवड नाही. शिकवायला मात्र सगळे हातातलं काम टाकून हजर!

दुसऱ्या दिवशी केवडाने मोबाईल समोर ठेवला. मुद्दाम शेवेची ताटली घातली, सरळसोट काड्या गार तेलात सोडल्या आणि ऐटीत म्हणाली, "चकली पाडावी तर या केवडानेच! आहे का कुणाची टाप?"

झालं! राज्यभर वणवा पेटला. 'ही चकली? अहो, ही तर शेव!' 'आधी तेल तापव, बाई!' 'आईने काही शिकवलं की नाही?' जो तो आपल्या चार ओळखीच्यांना दाखवू लागला, "बघा, बघा, काय ही अक्कल!"

केवडा प्रत्येकाला नम्रपणे एकच उत्तर देई, "तोंडाने कुणीही चकल्या पाडतं. करून दाखवा ना! सोऱ्या नसला तर आमच्या आळीत मिळतो."

आता माघार घेतो कोण? एकाने सोऱ्या मागवून चकल्या पाडल्या आणि त्या मोबाईलवर दाखवल्या. त्यांत खोट काढायला दुसऱ्याने मागवला. दुसऱ्याचे काटे तिसरीला बोथट वाटले! वसुबारस उजाडायच्या आत कोठार रिकामं झालं. केवडाच्या वापरातला एकच सोऱ्या उरला, तो नजराणा म्हणून घेऊन केवडा दरबारात गेली.

"लबाडी!" डंकेराव किंचाळले. "ना ओळख, ना देख, आणि एवढी गर्दी? हिने पैसे चारले असणार!"

"दमडी खर्चली नाही, महाराज. अब्रू खर्चली. घरात तेवढीच होती." आणि केवडाने घडलं ते सगळं सांगितलं.

महाराजांनी नाक मुरडलं. "एका पोरीची चूक काढायला लोक कामधंदा टाकून धावले? काय हा रिकामटेकडेपणा! आम्ही असतो तर ढुंकूनही पाहिलं नसतं!"

"छे छे, आपण कशाला पाहाल!" केवडाने हात जोडले. "मी बापडी एवढंच सांगत होते सगळ्यांना, की चकली तेलात विरघळायला लागली, की पिठात आणखी मोहन ओतावं. चांगली वाटीभर तेल घातलं, की मग कशी..."

"अगं मूर्ख पोरी!" महाराज सिंहासनावरून ताडकन उठले. "मोहन जास्त झालं म्हणूनच तर विरघळते ती! त्यात आणखी तेल? डंकेराव, हा मुकुट धरा! सर बाजूला! आण इकडे तो सोऱ्या, मी दाखवतो!" आणि बाह्या सावरत महाराज पायऱ्या उतरून खाली आलेसुद्धा!

केवडाने अदबीने सोऱ्या पुढे केला.

"घ्या, महाराज! दमडी न घेता, ओळखदेख नसताना आपण सिंहासनावरून खाली आलात. प्रजा तर नुसती चटईवरून उठली होती!"

महाराजांनी हातातल्या सोऱ्याकडे पाहिलं, डंकेरावांच्या हातातल्या मुकुटाकडे पाहिलं, आणि ते असे गडगडाटी हसले की कबुतरं उडाली!

"तांबट आळी तांबटांचीच! प्रसिद्धी महालाच्या पैशातून तिथे नव्या भट्ट्या बांधा! बोल पोरी, आणखी काय हवं?"

"काही नको, महाराज. दिवाळीला अख्ख्या आळीच्या चकल्या पाडायच्यात. डंकेरावांची पगारी माणसं तेवढी द्या. बिचाऱ्यांच्या हातांना दुसरं काम माहीत नाही."

"दिली!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि डंकेरावही दिले!"

मुकुट सावरत डंकेराव सवयीने म्हणून गेले, "वा महाराज!"