ताटावरची सावली

समुद्रकाठच्या एका गावात एकदा एक तरुण आई नव्या स्वयंपाकघरासाठी दिवे निवडीत होती. निवडीत कसली, त्या एकाच विवंचनेने तिची झोप उडाली होती.

त्याला कारण होते. जुन्या घरात असताना एका संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने भरवलेल्या घासातून बांगड्याचा बारीक काटा लेकीच्या घशात गेला होता. डॉक्टरांनी तो काढला. लेक दुसऱ्या दिवशी अंगणात हुंदडू लागली, पण आई मनाने त्या संध्याकाळीच अडकून राहिली. तेव्हापासून लेकीच्या ताटात मासा आला नाही. सासूबाई म्हणत, "आमची पोरं काय कापूस खाऊन वाढली?" त्याचे तिला एवढे वाटत नसे. पण एकदा त्यांनीच मायेने तुकडा पुढे केला, तर ती चिमुरडी मागे सरून म्हणाली, "मला नको. मासा खाल्ला की आई रडते." हे मात्र तिच्या जिव्हारी लागले.

दोष जुन्या घरातल्या मिणमिणत्या बल्बचा, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. म्हणून नव्या घरात दिव्यांचा व्यापारी आला, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली : उजेड, भरपूर उजेड. व्यापारी बोलका होता. छताच्या मधोमध त्याने एक भला मोठा गोल दिवा टांगून दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, याच्याखाली मुंगीला शिंक आली तरी दिसेल!"

तरी तिचे समाधान होईना. "याहून मोठा नाही का हो?"

"याहून मोठा म्हणजे मग सूर्यच," व्यापारी म्हणाला.

व्यापारी येणार म्हणून त्या संध्याकाळी तिने आपल्या बाईंना बोलावून घेतले होते. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हा याच बाईंपाशी बसून ती शिवणकाम शिकली होती. बाई आता पार थकल्या होत्या, काठीशिवाय उंबरा ओलांडत नव्हत्या. पण अडीअडचणीला तिला अजून त्यांचीच आठवण येई.

बाई आल्या, पाणी प्यायल्या. दिव्याकडे त्यांनी वर मान करून पाहिलेसुद्धा नाही. म्हणाल्या, "मासा आहे का गो घरात?"

सासूबाईंसाठी केलेले बांगडे होते.

"एक घे आणि ओट्यापाशी उभी राहून सोल. लेकीसाठी सोलतेस असं समज."

ती पाठमोरी उभी राहिली. डोळे ताणून काटे काढू लागली. एवढ्यात बाईंनी डब्यातून मूठभर कणीक घेतली आणि तिच्याशेजारी वाकून ओट्याच्या काळ्या दगडावर रेघ ओढायला सुरुवात केली. डोक्याभोवती, खांद्यांभोवती, कोपरांभोवती.

"आजी, रांगोळी सणाला काढतात," व्यापारी हसला.

रेघ पुरी झाली, तेव्हा बाई हात झटकून म्हणाल्या, "आता बघ."

तिने पाहिले. ओट्यावर पडलेली तिची स्वतःची सावली कणकेच्या रेघेत बांधली गेली होती. आणि माशाचे ताट बरोबर त्या रेघेच्या आत होते. साऱ्या लखलखत्या स्वयंपाकघरात काळोख होता तो तेवढ्याच जागी.

"बाबा," बाई व्यापाऱ्याला म्हणाल्या, "कपाटाखाली लावायची दिव्याची पट्टी असते ना तुझ्याकडे? धर बघू इथं, पुढच्या काठाशी."

त्याने पिशवीतून बोटभर जाडीची पट्टी काढली, वायर जोडली आणि ओट्यावरच्या कपाटाच्या तळाशी धरली. मऊ, पिवळसर उजेड समोरून ताटात उतरला. सोलून झालेल्या माशात एक काटा राहिला होता, केसासारखा. तो चमकला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, हा राहिला होता! माझी आई तर चिमणीच्या उजेडात सोलायची. तिच्या हातून कधी राहिला नाही."

"मग तुझ्या आईला काय घुबडाचे डोळे होते?" बाई म्हणाल्या. "ती चिमणी कुठं ठेवायची, आठव."

आणि तिला आठवले. पालथा घातलेला डबा, त्यावर ती काजळी धरलेली चिमणी, पुढ्यात ताट. आईच्या पाठीशी भिंतही दिसत नसे एवढा अंधार. तिन्ही भावंडे त्या इवल्या उजेडाच्या कडेला गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. आई बोटांनी चाचपून घास करी, फुंकर मारी, आणि ज्याची पाळी असेल तो आ वासून थांबे. रॉकेलचा आणि चिंचेच्या आमटीचा मिळून येणारा तो वास! आता आई नव्हती, चिमणी नव्हती, भावंडे आपापल्या गावी गेली होती. तिचे डोळे भरून आले.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, दिवा कमी नव्हता, पाठीमागं होता. तू भ्यालीस आणि आणखी मोठा मागितलास. जेवढा तो मोठा, तेवढी तुझीच सावली गडद. भीतीचंही तसंच असतं. ती पाठीशी उभी राहून सगळं जग दाखवते आणि हातातला घास तेवढा झाकून टाकते. तुझी आई काय भीत नव्हती? तीन पोरांची आई ती. पण ती दिवा पुढं घेऊन बसायची."

"मग छताला दिवा नकोच का?"

"का नको? घरच्यांनी काय चाचपडत पाणी प्यावं? छताला मध्यम लाव. पट्टी कपाटाखाली, पण पुढच्या काठाला. मागं भिंतीशी लावलीस तर फरशा उजळतील, ताट नाही. आणि एक ध्यानात ठेव, दिवा काटा दाखवील, काढायचा बोटांनीच."

व्यापारी पट्टी धरूनच उभा होता. ओशाळून म्हणाला, "वहिनींनी उजेड मागितला, मी दिला. कशासाठी हवा, ते विचारायचं राहिलं."

तिने बाहेर हाक मारली. लेक आली आणि दारातच थबकली. ताटात मासा होता. तिने माशाकडे पाहिलेच नाही, आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

आईने बोटांनी पुन्हा एकदा चाचपले. भाताबरोबर छोटा घास केला, फुंकर मारली. भीती काही गेली नव्हती. पण तिने घास लेकीपुढे धरला.

"आई, तू रडणार नाहीस ना?"

"नाही गं. आ कर."

लेकीने आ केला.

आपल्या माणसांसाठी आणखी उजेड मागण्याआधी, आपण स्वतः कुठे उभे आहोत तेवढे एकदा पाहून घ्यावे.