लेफ्ट किती?

एकदा एका तालुक्याच्या गावी इंग्रजीचे एक वृद्ध अध्यापक राहत असत. निवृत्तीला वीस वर्षे झाली, तरी शब्दांची कुळे शोधण्याचा त्यांचा नाद सुटला नव्हता. कोणी नुसते 'टेबल' म्हटले, तरी ते त्या शब्दाच्या सात पिढ्यांची चौकशी करीत आणि ऐकणाऱ्याचा चहा निवून जाई.

त्यांच्या एका शिष्याने कष्टकरी प्रौढांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग काढला होता, तोही विनामूल्य. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्यासाठी एक खोली दिली, तिची किल्ली दिली. पहिल्या दिवशी चौदा जण आले आणि शिष्याला आकाश ठेंगणे झाले. मग फोनवरच्या वर्गाच्या ग्रुपमध्ये एकेक ओळ उमटू लागली. अमका लेफ्ट. तमकी लेफ्ट. प्रत्येक ओळ त्याच्या जिव्हारी लागे. दोन महिन्यांत त्याचा धीर खचला. किल्ली परत करून वर्ग बंद करायचा, असे ठरवून तो गुरूंना सांगायला गेला.

तो बसतो न बसतो तोच गुरूंनी सवयीप्रमाणे इंग्रजीतूनच विचारले, "हाउ मेनी आर लेफ्ट?"

"अकरा, सर," शिष्य मान खाली घालून म्हणाला.

"अकरा? छान! उद्या येतो मी वर्गावर."

यात छान काय, हे शिष्याला उमगेना. पण सरांना उलट विचारण्याची छाती त्याला चाळिशीतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरू काठी टेकीत आले, ते अकरा कोऱ्या पेन्सिली घेऊन. खोलीत तिघेच होते: रिक्षा चालवणारे गफूरभाई, बाजारपेठेतला एक शिंपी आणि अंगणवाडीत मदतनीस असलेल्या शेवंताबाई. त्या पेन्सिली पाहून शिष्य शरमेने अर्धा झाला.

"सर, माझं चुकलं. अकरा लेफ्ट, म्हणजे सोडून गेले. राहिलेत हे तिघंच. म्हणून म्हटलं, आज किल्ली देऊन टाकावी."

शेवंताबाईंनी नुकतीच उघडलेली वही हळूच मिटली.

गुरूंनी तिघांना एकेक पेन्सिल दिली आणि उरलेल्या आठ शिष्याच्या हातात ठेवल्या. "मला कालच कळलं होतं," ते म्हणाले. "अकरा राहिले असते, तर तुझं तोंड असं उतरलं नसतं. अरे, मी विचारलं राहिले किती, आणि तू सांगितलंस गेले किती! शब्द एकच, पण तुला त्यातलं जाणंच तेवढं ऐकू आलं. फोनने तेवढंच शिकवलं ना! हा शब्द ज्या जुन्या क्रियापदापासून आला, त्याचा मूळ अर्थ आहे मागे राहू देणं. निघून जाण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. गेलेल्यांचं वाईट वाटणारच, वाटू दे. पण मोजताना या तिघांपासून सुरुवात कर. या आठ पेन्सिली पुढे येतील त्यांच्या."

मग ते वर्गाकडे वळले. "चला, या शब्दाचं वाक्य कोण लिहितं?"

शेवंताबाई उठल्या. त्यांनी डाव्या हाताने खडू उचलला आणि चटका बसावा तसा घाईघाईने उजव्या हातात घेतला. "लहानपणी ह्या डाव्या हातावर छड्या बसायच्या," त्या पुटपुटल्या. "म्हणून तर शाळा सोडली मी."

"डाव्यानंच लिहा, बाई. त्यालाही इंग्रजीत लेफ्टच म्हणतात. अक्षरं तीच, कूळ मात्र निराळं. त्या शब्दाचा जुना अर्थ 'दुबळा'. बघू या तरी, किती दुबळा आहे तो!"

गफूरभाई मोठ्याने हसले. खडू पुन्हा डाव्या हातात गेला. फळ्यावर इंग्रजी अक्षरे उमटली, वाकडीतिकडी पण ठसठशीत: वी आर लेफ्ट.

"अर्थ सांगा," गुरू म्हणाले.

"आम्ही राहिलोय." शेवंताबाईंनी खडूचे हात पदराला पुसले आणि शिष्याकडे पाहिले. "सर, उद्या वर्ग आहे ना?"

शिष्याने होकारार्थी मान हलवली. वर्ग सुटल्यावर त्याने खोलीला कुलूप घातले, आठ पेन्सिली खिशात नीट ठेवल्या आणि किल्ली घेऊन तो घरी गेला.