बर्फाखालचं ऊन

"म्हणजे सर, तुमचं पुस्तक चुकलं, असंच ना?"

शार्दूलने विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच जरा जड वाटलं. पण बाण सुटला होता.

घैसास सर गोठलेल्या तळ्यावर उकिडवे बसले होते. वय सत्तरीकडे झुकलेलं. अंगावर मोहिमेचा जाडजूड कोट आणि कोटावरून, हसणाऱ्याने खुशाल हसावं, गावाकडची काळी घोंगडी. अख्ख्या अंटार्क्टिकावर घोंगडी पांघरून हिंडणारा दुसरा माणूस शोधून सापडला नसता.

"काय म्हणतं तुझं यंत्र?"

"रुपयात चार आणे." सरांशी बोलायचं तर हिशेब आण्यांतच करावा लागे. "उजेड तळाशी पोचतो, ते सगळ्यांनाच माहीत आहे. त्याच्यावर तर खालचं शेवाळ जगतं. मी अतिनील किरणांचं म्हणतोय, सर. कातडी भाजणाऱ्या. वर रुपयाभर पडले, तर चार आणे खाली जातात."

"आणि मी काय लिहिलंय?"

"छदामही नाही. बर्फ ही तळ्याची छत्री आहे. उजेड आत घेते, भाजणारं ऊन बाहेर ठेवते."

त्या एका वाक्यावर सरांचं नाव झालं होतं. कॉलेजात असताना शार्दूलने ते पाठ केलं होतं. त्याच्याच ओढीने तो सरांचा शिष्य झाला, आणि आज तेच वाक्य उलथवायला निघाला होता. जेवायच्या आत शोधनिबंध पाठवून द्यायचा, असा बेत. त्याला आनंद होत होता, खोटं कशाला बोला! गुरूला चीत करायचा आनंद. फार वाईट आणि फार गोड.

शार्दूलने बर्फाला पाडलेल्या भोकात सर वाकून बघत राहिले.

"हे ऊन आत कुठून आलं रे?"

"वरून. बर्फातून."

"बर्फातून?"

सरांनी अंगावरची घोंगडी काढली, चौघडी केली आणि भोकावर टाकली.

"दांडी वाकव."

यंत्राचा डोळा लांब दांडीच्या टोकाला होता. दांडी मध्यावर वाकवली की डोळा भोकापासून दूर, अखंड बर्फाच्या खाली जाई. पण गारठलेल्या हातांनी ते करायचं म्हणजे नसता खटाटोप. म्हणून शार्दूलने दांडी सरळच सोडली होती. आता मुकाट्याने वाकवली. दोघं उन्हाच्या वाटेतून बाजूला झाले.

आकडा घसरला. घसरतच गेला.

"भोक तू पाडलंस," सर म्हणाले, "आणि भोकातलं ऊन तळ्याच्या नावावर घालतोस होय रे?"

शार्दूलचं तोंड एवढंसं झालं. केवढा मिरवत आला होता! हा बर्फ आत्ता दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

पण आकडा एका आण्यावर येऊन थांबला. त्याच्या खाली काही जाईना.

शार्दूलने पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"घोंगडी नीट बसली नसेल," शार्दूल म्हणाला.

सरांनी गुडघे टेकून घोंगडीच्या चारी कडा दाबल्या. पुन्हा बाजूला झाले. एक आणा.

"चल, माझ्या भोकाशी जाऊ," सर म्हणाले.

सरांचं भोक तळ्याच्या मधोमध होतं, आणि त्याच्यावर तंबू होता. वाऱ्याचा त्रास नको म्हणून भोकावर तंबू ठोकायचा आणि आत बसून निवांत मोजमाप करायचं, ही सरांची पहिल्या मोहिमेपासूनची रीत. पुस्तकातला एकूण एक आकडा असाच तंबूत बसून घेतलेला.

शार्दूलने तिथे दांडी सोडली, वाकवली. भोकावर घोंगडी घातली. सगळं रीतसर.

छदामही नाही.

"बघा सर! तुमचंच बरोबर!" तो ओरडलाच. त्याला केवढं तरी हायसं वाटलं. आपण हरलो तर हरलो, आता सर जिंकायला हवे होते.

सर मात्र उठून बाहेर गेले. तंबूची सावली बर्फावर लांबवर पसरली होती. सर तिच्याकडे बघत उभे राहिले.

मग वाकले आणि त्यांनी एक खुंटी उपटली.

"अहो सर, वारा आहे!"

त्यांनी दुसरी उपटली. तिसरी काही निघेना. तसा शार्दूल धावला. दोघांनी मिळून तंबू उतरवला, गुंडाळला आणि लांब नेऊन ठेवला. इतका वेळ झाकलेल्या बर्फावर लख्ख ऊन पडलं.

यंत्राकडे बघायला शार्दूलचं मन होईना. तरी त्याने पाहिलं.

एक आणा.

इतक्या मोहिमा, इतका गारठा खाल्लेला, ते पुस्तक… आणि सगळं सावलीत बसून मोजलेलं. सकाळी याच माणसाला चीत करायला निघालो होतो, हे आठवून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

सर मात्र हसत होते. आधी गालातल्या गालात, मग चांगले मोठ्याने. एकटेच.

"सर…" शार्दूल जवळ आला. आजूबाजूला काळं कुत्रं नव्हतं, तरी त्याने आवाज उतरवला. "हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. निबंधात मी असं घालतो, की तुमच्या वेळी बर्फावर भुसभुशीत हिमाचा जाड थर असायचा, म्हणून तेव्हा ऊन खाली जात नव्हतं. सगळ्यांना पटेल. कोण येतंय विचारायला? तुमचं नाव तरी राहील."

घैसास सरांचं हसू थांबलं. त्यांनी घोंगडी उचलली, झटकली आणि खांद्यावर घेतली. उन्हात चमकणाऱ्या तळ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"आत्ता कुठे तंबू उठवला रे बाबा," ते म्हणाले. "लगेच दुसरा नको ठोकूस."