आठ डावे, तेरा उजवे

एका राज्यात, नाव विचारू नका, मलाही कुणी सांगितलं नाही, सुकेतू नावाचा राजा होता आणि हेमकला नावाची राणी होती. राणीची बाग कोसभर पसरलेली. बागेत शंभर माळी, शंभर मोटा. त्या बागेच्या कुंपणाला लागून चिमाक्का माळणीचं परसू होतं. परसू केवढं? दोन म्हशी बसल्या तर तिसरीला उभंच राहावं लागेल, एवढं.

पण त्या परसात काय पिकत होतं ते ऐका. तिथली भेंडी आठ धारांची. तिथल्या दुधीला पीळ, पिळाला पाच फेरे. आणि तिथला शंखकोबी. पोपटी रंगाचा गड्डा, त्यावर टोकदार शंख, प्रत्येक शंखावर बारके शंख, बारक्यांवर आणखी बारके. डोळे दुखेपर्यंत बघा, शंख संपत नसत. शंखांच्या ओळी वळसे घेत शेंड्याकडे जात. डावीकडे वळणाऱ्या ओळी मोजल्या तर आठ, उजवीकडे वळणाऱ्या तेरा. कधी सात नाही, कधी चौदा नाही. चिमाक्काला अक्षर ठाऊक नव्हतं, पण ही चाल तोंडपाठ होती. एक नि दोन तीन, दोन नि तीन पाच, तीन नि पाच आठ, पाच नि आठ तेरा. "मागची दोन मिळून पुढचं होतं," ती म्हणे. "आईबाप मिळून लेकरू होतं, तसंच." हे बी तिच्या आजेसासूच्याही आजेसासूपासून त्या घरात चालत आलं होतं.

एके दिवशी राजाची स्वारी तिथून निघाली. राजानं कुंपणापलीकडे पाहिलं, हत्ती थांबवला, खाली उतरला आणि बोटानं शंख मोजत बसला. दरबार ताटकळला, राजवाड्यात भात निवला. जेवायला बसताना राजा म्हणाला, "काय तो शंखकोबी." भात कालवताना म्हणाला, "काय तो वळसा." हात धुताना म्हणाला, "आपल्या बागेत असलं काही नाही."

राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हत्ती थांबला तो कुणाच्या दारात, तर एका माळणीच्या. राणीची सात वर्षांची लेक, राजकन्या लवंगिका, तीही उठली की चिमाक्काच्या बांधावर जाऊन बसे आणि परत आली की तिचंच गुणगान करी. राणीला हेवा वाटला. साधासुधा नाही, घास तोंडात फिरावा असा हेवा.

तिनं चिमाक्काला बोलावून बी मागितलं. चिमाक्कानं हसत मूठभर दिलं. तिनं नाही म्हटलं असतं तर राणीला तेवढं लागलं नसतं. हसत दिलं ते जास्त लागलं.

पहिल्या वर्षी राणीच्या बागेत शंखकोबी झकास आला. आता त्या राज्यात एक रीत होती. जे पहिलं, जे उत्तम, ते राजताटात. राणीनं उत्तम गड्डे कापून राजाला वाढले आणि उरल्यासुरल्याचं बी धरलं. दुसऱ्या वर्षी शंख बोथट आले. तिसऱ्या वर्षी गड्डा बघावा तर चिखलाचा गोळा बरा. राणी म्हणाली, "मेलीनं बीच खोटं दिलं." आणि ती उठून मायाधर मांत्रिकाच्या गुहेत गेली.

"मांत्रिकबुवा, चिमाक्काच्या बागेतला वळसा मोडा."

"वळसा एका बागेपुरता मोडत नाही, राणीसाहेब. मोडला तर साऱ्या राज्यातला मोडेल."

"मोडू दे."

मायाधरानं एक वेत घेतला, त्यावर फुंकर घातली आणि तो गुडघ्यावर मोडला. झालं काम.

सकाळी गोगलगायींच्या पाठीवरचे शंख काडीसारखे ताठ झाले होते. काकडीच्या वेलांचे गुंडाळलेले ताणे सुटले आणि मांडवावरचे वेल भुईवर आले. बैलांची शिंगं सरळ, कुंभाराच्या चाकावर मडकं वर चढेना. चिमाक्काच्या वाफ्यातले शंखकोबी रात्रीतून भाकरीसारखे चपटे झाले होते. राणीनं सज्जातून ते पाहिलं आणि तिच्या जिवाला गार वाटलं. त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

मग तिनं लेकीला हाक मारली. लवंगिका पाठमोरी बसून बाहुलीचे केस विंचरत होती. तिनं मान वळवली नाही. राणीनं पुन्हा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, जवळ जाऊन टाळी वाजवली. राजवैद्य आले. त्यांनी राजकन्येचा कान तपासला आणि खाली बघत म्हणाले, "माणसाच्या कानाच्या आत एक बारका शंख असतो, राणीसाहेब. राजकन्येचा तो शंख सरळ झाला आहे. इतरांचे कान टणक, ते तगले. राजकन्येचा कान फार कोवळा, तो तगला नाही. माझ्याकडे औषध नाही."

राणी धावत मायाधराकडे गेली. तो म्हणाला, "मी मोडणारा आहे. जोडणं मला येत नाही." एवढं बोलून त्यानं गुहेचं दार लावून घेतलं.

राणी परतीच्या वाटेवर बोरीखाली बसून रडली. बोरीवर एक साळुंकी होती. चिमाक्काच्या परसात अळ्या टिपणारी, मोठी तोंडाळ.

"रडून झालं असेल तर ऐक," साळुंकी म्हणाली. "मोडलेला वळसा जोडायचा तर तीन कामं आहेत. जिचं वाटोळं केलंस तिच्याकडूनच बी माग, हे पहिलं. ते स्वतःच्या हातांनी वाढव, दुसऱ्याचा हात लागू देऊ नकोस, हे दुसरं."

"आणि तिसरं?"

"ते आत्ता सांगितलं तर तू पहिलंसुद्धा करणार नाहीस."

राणी अनवाणी चिमाक्काच्या दारात गेली आणि केलं ते सगळं सांगितलं. चिमाक्कानं हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाली, "राणीसाहेब, माझा वाफा गेला त्याचं मी गिळलं असतं. पण ते पोर माझ्या बांधावर बसून मला गाणी म्हणून दाखवायचं. आज ते बांधावर आलं आणि मुकाट बसून राहिलं. कसं करवलं हो तुम्हाला?"

"तू मला खोटं बी दिलंस, असं वाटलं मला."

"तुम्ही बी कशाचं धरलंत?"

"उरल्या गड्ड्यांचं. चांगले राजताटात गेले."

चिमाक्कानं कपाळावर हात मारला. "चांगला गड्डा कुणी खातं का? वाफ्यात जो सगळ्यात देखणा, त्याला आम्ही लाल दोरा बांधतो. तो कापायचा नाही. तो फुटतो, फुलतो, शेंगा धरतो, त्याचं बी. सगळ्यात वाईट पेराल तर सगळ्यात वाईटच उगवणार. आमच्या घरात वाकडे, किडके तेवढे खातात."

राणीनं हळूच विचारलं, "मग चांगला चवीला कसा लागतो?"

"काय ठाऊक," चिमाक्का म्हणाली. "आजेसासूलाही ठाऊक नव्हतं."

 ज्या गड्ड्याच्या हेव्यानं राणी तीन वर्षं जळत होती, त्याचा घास त्या घरात कुणी खाल्लाच नव्हता. चिमाक्कानं राखेत ठेवलेलं मडकं काढलं आणि तळाचं उरलंसुरलं बी राणीच्या पदरात टाकलं. मडकं रिकामं झालं.

राणीनं आपल्या बागेच्या कोपऱ्यात स्वतः वाफा केला. कुदळीनं हाताला फोड आले, फोडांचे घट्टे झाले. ती पाणी स्वतः घाली, पानं उलटून अळ्या स्वतः वेची, दासी पुढे आली की तिला लांब उभं करी. लवंगिका बांधावर बसून आईच्या ओठांकडे बघे. पौष आला तेव्हा वाफ्यात चपटे गोळे धरले होते. फक्त एका रोपावर शंख होते. राणीनं श्वास रोखून मोजले. डावीकडे आठ, उजवीकडे तेरा.

आणि काय सांगू, राणीच्या मनात पहिलं काय आलं? लेक नाही आली. मनात आलं, आता चिमाक्काच्या वाफ्यात एकही नाही, आणि माझ्या वाफ्यात आहे.

साळुंकी कुंपणावर येऊन बसली. "तिसरं काम. याचं बी पिकेपर्यंत याला कापायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, माझा तर कधीच म्हणायचं नाही. मग सगळं बी चिमाक्काच्या सुपात टाकायचं, दाणाही स्वतःकडे ठेवायचा नाही."

"मग माझ्या हातून एवढं देखणं काही उगवलं, हे कुणाला कळणारच नाही."

"नाही."

"पुन्हा सगळे तिच्याच वाफ्याशी हत्ती थांबवतील."

"थांबवतील," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

राणीनं गड्ड्यावर बांबूचं डालगं पालथं घातलं. त्याच आठवड्यात राजा दरबार घेऊन बागेत आला. लेकीच्या दुखण्यानं तो खंगला होता. त्याला वाटत होतं, राज्यात एक जरी खरा शंखकोबी उगवला, तरी धीर येईल.

"राणी, तुम्ही इतके महिने खपलात. काही उगवलं का?"

राणीचा हात डालग्यावर होता. नुसतं उचलायचं होतं. मागून प्रधानाची बायको कुजबुजली, आणि ते राणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुजबुजली, "चिमाक्काची सर कुठली यायला." राणीच्या अंगाची लाही झाली. डालगं बोटभर उचललंही गेलं. समोर लवंगिका उभी होती. कोण काय बोलतंय ते कळावं म्हणून ती एकेकाचं तोंड न्याहाळत होती.

राणीनं डालगं खाली दाबलं. "नाही, महाराज," ती म्हणाली. "माझ्या हाताला गुण नाही."

दरबार परत गेला. त्या दिवशी राणी जेवली नाही.

मग शंख फुटले. त्यांतून दांडे निघाले, दांड्यांना पिवळी फुलं आली, फुलांच्या शेंगा झाल्या. देखणा गड्डा गेला आणि तिथं नुसतं झिपरं झुडूप उरलं. चैत्रात शेंगा वाळल्या. राणीनं झुडूप मुळापाशी कापलं, डोक्यावर घेतलं आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत, चिमाक्काच्या अंगणात नेऊन ठेवलं. "तुझं बी," ती म्हणाली. "सगळं आहे. दाणाही ठेवला नाही."

चिमाक्कानं झुडूप सुपावर धरून हलवलं. वाळक्या शेंगांतलं बी खुळखुळलं आणि काही दाणे सुपात पडले. कुंपणावरच्या काकडीच्या वेलानं ताणा गुंडाळून काटा धरला. रांजणाशी बसलेल्या गोगलगायीचा शंख वळला. लवंगिका अंगणाच्या टोकाला पाठमोरी बसली होती. तिनं मान वळवली.

"आई, ते काय वाजतंय?"

राणी लेकीकडे धावली. चिमाक्काच म्हणाली, "बी आहे, बाई." आणि सूप सांडेल याची पर्वा न करता तिनं झुडूप पुन्हा हलवलं.

त्या दिवसापासून राज्यातली शिंगं वळली, मडकी चढली, वेल मांडवावर गेले. राणीचा हेवा मात्र पार गेला, असं मी सांगणार नाही. पुढच्या हिवाळ्यात चिमाक्काच्या वाफ्यात घागरीएवढा शंखकोबी आला, राजाचा हत्ती पुन्हा थांबला आणि राणीच्या पोटात पुन्हा दुखलं. सज्जात उभं राहून तिनं ते सगळं पाहिलं. मग ती आत वळली आणि लेकीला हाक मारली. एकदाच मारली, तीही हळू. लवंगिका धावत आली.